वेग आवरण्याचा इतिहास: भोर घाटाचा लोहमार्ग
बदलापूरवरून जाणारा कल्याण–खोपोली लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला. उल्हास खोऱ्यातील या सपाट टप्प्यावर इंजिनाचे बळ मुख्यतः घर्षण आणि हवेचा विरोध यांवर मात करण्यात खर्च होई. मात्र कर्जतपुढे घाटाची चढण लागताच बळांचे हे गणित पालटले.

अभियंते जेम्स बर्कले यांच्या आखणीनुसार बांधलेला भोर घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरांत तो १,८३१ फूट चढतो आणि त्याचा सर्वांत तीव्र उतार ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर अंतरात एक मीटर चढ. अशा उतारावर गाडीच्या वजनाचा सुमारे सदतिसावा भाग तिला सतत खाली ओढतो. हजार टनांच्या गाडीवर हे बळ सत्तावीस टन वजनाइतके भरते. बळ अखंड लागू राहिले की वेगही अखंड वाढतो, आणि या वाढीच्या दरालाच त्वरण म्हणतात. घर्षण व ब्रेक वगळल्यास इथे स्थिर गाडी एका मिनिटात ताशी सुमारे ५७ किलोमीटर वेग गाठेल. म्हणूनच या घाटाचा खरा इतिहास वेग मिळवण्याचा नसून तो आवरण्याचा आहे.

खंडाळ्याखालच्या रिव्हर्सिंग स्टेशनात, जिथे गाडीची दिशा उलटवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, १८६९ साली ब्रेक निकामी झालेली मेल थांबू शकली नाही आणि रूळ संपताच पुढे कोसळली. अशा निसटत्या गाड्यांसाठी घाटात कॅच सायडिंग, म्हणजे चढावर नेणारे फाटे, ठेवलेले असतात. तेथे गाडीचे वजनच तिच्या गतीच्या उलट दिशेने ओढते आणि वेग मंदावतो. चढताना मागून ढकलणारी इंजिने, ज्यांना बँकर म्हणतात, ओढीच्या बळात भर घालतात आणि जोडणी तुटलीच तर डबे मागे घरंगळू देत नाहीत.

१९२९च्या सुमारास विद्युतीकरण झाले, मार्ग नव्याने वळवून रिव्हर्सिंग स्टेशनही टाळण्यात आले. त्या काळात आलेल्या, रेल्वे कर्मचाऱ्यांत ‘खेकडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनांच्या मोटारी उतरताना जनित्राचे काम करत, वेगाला विरोध करत आणि निर्माण झालेली वीज वरच्या तारेत परत पाठवत. ती त्याच वेळी घाट चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडू शके.