नक्कल खरी कोणती? नेवाशाची पोथी, बंद पडलेले सर्व्हर आणि गावचा सातबारा

आजचा विषय यंत्रांचा आहे आणि सांगणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर. पण घाबरू नका. प्रश्न जुना आहे आणि आपल्या नेवासे तालुक्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. एकाच गोष्टीच्या दोन नकला झाल्या आणि त्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तर खरी कुठली मानायची?

नेवाशापासूनच सुरुवात करू. शके 1212, म्हणजे इ.स. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी तिथं गीतेवरची टीका पूर्ण केली. ती सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली, अशी परंपरा आहे. छापखाना नव्हता, पोथीवरून पोथी उतरायची. उतरवणाऱ्याच्या हातून कुठं ओळ गळायची, कुठं जुना शब्द कळला नाही म्हणून नवा यायचा, कुणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी जोडायचा. पुढचा माणूस त्या पोथीवरून उतरवायचा, म्हणजे चूकही उतरायची. शेवटी 294 वर्षांनी, शके 1506 मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यापुढे कुणी यात भर घालू नये असं बजावलं.

केवढं मोठं काम! पण एक गोष्ट आपल्या हाती आलेली नाही. नाथांनी काय बदललं, कुठल्या प्रतीतलं काय घेतलं आणि काय सोडलं, याची नोंद. म्हणून 1909 मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडला पाटांगणात मिळालेली पोथी छापली आणि ही नाथांच्या आधीची आहे असं म्हटलं, तेव्हा अभ्यासकांत वाद सुरू झाला. तो मिटवायला बदलांची वही हवी होती. आपल्याकडे शेवटचा पाठ होता, तो तिथवर कसा आला ते नव्हतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता यंत्राकडे. बँक असो की सरकारी दप्तर, महत्त्वाची माहिती एकाच संगणकावर ठेवत नाहीत. तीच माहिती तीन किंवा पाच सर्व्हरवर असते. या गटाला क्लस्टर म्हणतात. त्यातला एक मुख्य. नवी नोंद आधी तो घेतो, बाकीचे त्याच्याकडून उतरवून घेतात. मुख्य बंद पडला तर दुसरा त्याची जागा घेतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण मुख्य खरोखर बंद पडला, की फक्त त्याच्याकडे जाणारी तार तुटली, हे लांबच्या सर्व्हरला कळायला मार्ग नाही. तार तुटली असताना दोघंही स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागले, की एका घरात दोन कारभारी झाले. यावर उपाय बहुमताचा. पाचांपैकी निदान तिघांचा जो गट असेल, त्यानंच मुख्य नेमायचा. पाचांत तिघांचे दोन वेगळे गट पडूच शकत नाहीत.

एवढं करूनही घोटाळा होतो. 21 ऑक्टोबर 2018 ची गोष्ट, आपल्याकडे 22 तारखेची पहाट होती. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम जिथं साठवतात त्या गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं जाळं, देखभालीचं काम चालू असताना, 43 सेकंद तुटलं. फक्त 43 सेकंद! तेवढ्यात बहुमतानं पश्चिम किनाऱ्यावरचा सर्व्हर मुख्य झाला. पण पूर्वेकडे आधीच घेतलेल्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचलेल्याच नव्हत्या. त्यावर पश्चिमेनं जवळजवळ चाळीस मिनिटांच्या नव्या नोंदी घेतल्या. आता दोन्हीकडे असं काहीतरी होतं जे दुसरीकडे नव्हतं. मुख्य कोण हे बहुमतानं ठरत होतं, पण नोंद पक्की धरण्याआधी लांबच्या नकलेची वाट पाहिली जात नव्हती. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.

त्यांनी काय केलं ते बघा, कारण दुरुस्तीची रीत त्यात आहे. आधी काही कामं मुद्दाम थांबवली, म्हणजे घोळ वाढू नये. लवकर सुरू करण्यापेक्षा कुणाची नोंद हरवू नये याला महत्त्व दिलं. राखीव प्रतीवरून माहिती परत उभी केली. आणि ज्या नोंदी एकाच बाजूला होत्या त्या फेकल्या नाहीत, नोंदवहीतून काढून तपासायला घेतल्या. त्यांच्या एका गजबजलेल्या क्लस्टरमध्ये अशा 954 नोंदी होत्या. याला नोंदवही म्हणजे 'लॉग' लागतो. कोणता बदल कोणत्या क्रमानं झाला त्याची वही. क्रमासाठी नुसत्या घड्याळावर विसंबता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्येच दाखवलं होतं. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. कुठली नोंद कुठल्या नोंदीच्या आधाराने झाली, हे पाहावं लागतं.

मंडळी, ही वही आपल्या चावडीत पूर्वीपासून आहे. तिचं नाव फेरफार, गाव नमुना 6. सातबारा सांगतो आज काय आहे, फेरफार सांगतो ते कसं झालं. खरेदी झाली, वारस लागला, की तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते, मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक लिहिलेले असतात ते उगाच नाही. संगणकीकरणाच्या मधल्या वर्षांत हस्तलिखित सातबारा एकीकडे आणि संगणकातला दुसरीकडे, अशा दोन नकला झाल्या. कुठं क्षेत्र जुळेना, कुठं नाव गळलं. म्हणून 2017 मध्ये गावोगाव चावडीवाचन झालं. ते प्रती ताडण्याचंच काम होतं.

आमच्या न्यायशास्त्रात शब्द हे एक प्रमाण आहे. विश्वासू माणसाचं सांगणं म्हणजे शब्दप्रमाण. पण दोन विश्वासू साक्षीदार उलटसुलट बोलले तर? तेव्हा कोण मोठा हे विचारून भागत नाही, त्याला हे कळलं कसं, हे विचारावं लागतं. संगणकाची छापील प्रत आहे म्हणून ती खरी, असंही नाही, आणि जुना कागद पिवळा पडलाय म्हणून तो खरा, असंही नाही.

तेव्हा तुमच्या उताऱ्यात क्षेत्र कमी दिसलं, तर दोन कागद घेऊन भांडत बसू नका. दोन्ही उतारे जिथवर जुळतात तो शेवटचा फेरफार शोधा. त्यानंतरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा. फरक कुठल्या नोंदीपाशी पडला ते बोट ठेवून दाखवा. लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आणि हे कर्जाची किंवा विक्रीची घाई येण्याआधी करा. आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.