दर्या आणि दऱ्या

शहापूरहून तानसाकडे निघालात तर वाटेत दऱ्या लागतील, दर्या नाही. फरक फक्त अर्ध्या र चा! तो डोक्यावर चढला की समुद्र, आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटला की डोंगरातली दरी. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक तर पंगतीला बसल्यावरच कळायचा.

पण हे प्रोग्रामरला कोण सांगणार? १९९१ च्या युनिकोडमधली देवनागरी आपल्या १९८८ च्या 'इस्की' मानकावर बेतलेली. त्यात या आडव्या र ला स्वतंत्र जागाच नाही. खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग पुढचं व्यंजन, अशी जुळणी करावी लागते. आणि 'ॲ'? तो आला थेट २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र ठेवून भागवायचं.

प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांच्या 'इंडलिनक्स'सारख्या उपक्रमांत अशा गोष्टी समजावणारी माणसं होती. कुणी भाषांतर करी, कुणी फॉन्टमधली चूक दाखवी. बहुतेक जण नोकरी सांभाळून, फुकट. प्रोग्रामरला मराठी येत असेलच असं नाही, आणि मराठी जाणणाऱ्याला कोड!

आजही एखाद्या सरकारी पडद्यावर 'शेतकर्यांना' दिसतं. तिथे कुणी कुणाला विचारलेलं नसतं, बस्स.