प्लॅस्टिकला वळण लागले त्याची गोष्ट

आकाशकंदिलाच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण कशासाठी असते, हे घरातले शाळकरी पोरही सांगेल. वीज दिव्याला मिळावी, हाताला लागू नये, म्हणून. प्लॅस्टिकची ख्यातीच मुळी विजेला अडवणाऱ्याची! त्याच कुळातून वीज वाहून नेणारे, इतकेच नव्हे तर ‘होय’ की ‘नाही’ याचा निवाडा करणारे पदार्थ कसे घडले, तो इतिहास मला एखाद्या वांड मुलाला वळण लागल्याच्या कथेसारखा वाटतो.

प्लॅस्टिक म्हणजे पॉलिमर. एकाच घटकाची कडीला कडी जोडून झालेली लांबलचक साखळी. १९६३ साली ऑस्ट्रेलियात डोनाल्ड वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीज वाहणारा एक पॉलिमर नोंदवला होता. पण त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९६७ साली टोकियोच्या तंत्रविद्या संस्थेत हिदेकी शिराकावा अॅसिटिलीन वायूची साखळी कशी बनते याचा अभ्यास करीत होते. प्रयोग करणाऱ्या पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. मिळावयाची काळी भुकटी. त्याऐवजी द्रवावर चकचकीत चंदेरी साय धरली! फसलेला प्रयोग म्हणून ती मोरीत ओतली असती, तरी कोणी नावे ठेवली नसती. शिराकावांनी मात्र ती साय पुन्हा हुकमी कशी धरता येईल, याचा छडा लावला.

पुढे अमेरिकेहून आलेल्या अॅलन मॅकडायर्मिड यांनी ही हकीकत ऐकली आणि शिराकावांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतले. तिथे अॅलन हीगर यांच्यासह १९७६ साली त्यांनी त्या सायीला आयोडीनची वाफ दिली. वीज वाहण्याची तिची शक्ती कोटीपटीने वाढली! २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण नुसती वीज वाहणे म्हणजे ट्रान्झिस्टर नव्हे. ट्रान्झिस्टर हा नळाच्या तोटीसारखा. सांगितले की सोडावयाचे, सांगितले की अडवावयाचे. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर झाला तो जर्मेनियमचा. १९८६ साली जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिकमध्ये पॉलिथायोफीन या पॉलिमरचा झाला. मात्र त्यातली वीज अक्षरशः रांगत होती. ज्या मापाने सिलिकॉनच्या स्फटिकातला इलेक्ट्रॉन हजारावर भरतो, त्या मापाने इथे जेमतेम एक लक्षांश!

कारण काय? साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या. एका साखळीवरून वीज सुखाने धावते. पण दुसरीवर उडी मारताना अडखळते. त्यात पॉलिथायोफीन विरघळता विरघळत नाही, म्हणून त्याच्या कड्यांना कार्बनच्या शेपट्या जोडाव्या लागतात. त्या कशाही जोडल्या, की एकमेकींवर आदळून साखळीच पिळवटते. १९९२ साली अमेरिकेत रिचर्ड मॅकलो आणि रूबेन रिकी यांच्या गटांनी, वेगवेगळ्या वाटांनी, साऱ्या शेपट्या एकाच रीतीने लावून दाखवल्या. साखळ्या सपाट झाल्या आणि पत्रावळींसारख्या एकीवर एक बसू लागल्या. १९९९ साली केंब्रिजला हेनिंग सिरिंगहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर असे दाखवले, की या पत्रावळी पृष्ठभागावर उभ्या राहतात की आडव्या पडतात, एवढ्यावर विजेच्या गतीत शंभरपटीहून अधिक फरक पडतो. पदार्थ तोच, फरक रांगेचा!

तर्कमंडल उभारावयाचे, म्हणजे ‘होय’चे ‘नाही’ करून देणारा दरवाजा घडवावयाचा, तर ट्रान्झिस्टरांची जोडी असलेली बरी. एक इलेक्ट्रॉन वाहणारा, दुसरा त्याची रिकामी जागा पुढे सरकवणारा. एक उघडला की दुसरा मिटतो. स्वस्थ असताना वीज फुकट जात नाही. यातला इलेक्ट्रॉनवाला काही केल्या दाद देईना. हे पॉलिमर त्या कामाचेच नव्हेत, असा समज रूढ होऊ लागला. २००५ साली केंब्रिजमध्येच उलगडा झाला. पॉलिमरखाली जो काचेच्या जातीचा थर असतो, त्याच्या पृष्ठभागावरचे काही रासायनिक गट इलेक्ट्रॉनांना धरून ठेवीत होते. दोष मुलाचा नव्हता, संगतीचा होता! २००९ साली अँटोनिओ फाकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवेतही टिकणारा, इलेक्ट्रॉन चांगला वाहणारा पॉलिमर घडवला, आणि जोडी जमली.

या प्लॅस्टिकने सिलिकॉनला वेगात हरवले का? नाही. तशी आशाही धरू नये. सिलिकॉनच्या स्फटिकाला कडक भट्टी लागते. हे पॉलिमर शाईसारखे विरघळतात, कागद छापावा तसे छापता येतात, वाकतात, ताणले जातात. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने कातडीसारखे ताणता येणारे ट्रान्झिस्टर, चौरस सेंटिमीटरला ३४७ या दाटीने, बसवून दाखवले. दुखऱ्या अंगावर अलगद बसून नाडीचे ठोके मोजणारी पट्टी हवी असेल, तर तिथे ताठ सिलिकॉनपेक्षा या मऊ पदार्थांचाच आधार.

या साऱ्या इतिहासात मला भावते ते एवढेच, की ‘हा अडवणाराच’ आणि ‘हा इलेक्ट्रॉन वाहणारच नाही’ असे दोन निकाल दोन वेळा लागले होते, आणि दोन्ही वेळा कोणीतरी निकालाऐवजी पदार्थाकडे पुन्हा एकदा पाहिले.