कायद्याने नाकारलेली पत्नी

१/ ‘ही तुमची पत्नी आहे, याला पुरावा काय?’ पती-पत्नी व्हिसाच्या प्रत्येक अर्जामागे हा प्रश्न असतो. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत याच प्रश्नाने असंख्य भारतीय संसार संकटात आणले.

२/ हसन इसप तेथील रहिवासी. भारतात मुस्लिम रीतीने विवाह केलेली त्यांची पत्नी बाई मरियम यांना केप प्रांतात प्रवेश नाकारण्यात आला. प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला : बहुपत्नीत्वाची मुभा देणाऱ्या धर्मरीतीचा विवाह कायद्याला मान्य नाही. पतीला पत्नी एकच असली, तरीही!

३/ हिंदू आणि मुस्लिम विवाह एकाच फटक्यात संशयास्पद ठरले. पत्नीचा प्रवेश आणि मुलांचा वारसाहक्क, दोन्ही धोक्यात आले.

४/ गांधी स्वतः जोहान्सबर्गमध्ये वकिली केलेले. मात्र सरकारशी केलेला पत्रव्यवहार निष्फळ ठरला आणि प्रश्न न्यायालयातून रस्त्यावर आला. सप्टेंबरमध्ये कस्तुरबांनी इतर स्त्रियांसह परवान्याविना ट्रान्सवालची हद्द ओलांडली. शिक्षा : तीन महिने सक्तमजुरी. तमिळ स्त्रियांच्या आवाहनावरून न्यूकॅसलच्या खाणकामगारांनी संप पुकारला.

५/ १९१४च्या ‘इंडियन रिलीफ अ‍ॅक्ट’ने तीन पौंडांचा कर रद्द केला. एक पत्नी आणि तिची अज्ञान मुले यांना प्रवेशाचा हक्क मिळाला.

६/ हा कायदा पाहायला वल्लीअम्मा नव्हती. तुरुंगात आजारी पडलेली ही सोळा वर्षांची सत्याग्रही मुलगी २२ फेब्रुवारी १९१४ रोजी मरण पावली होती.