उताराची विद्या

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडावी लागतात, हे लहान मुलांसही ठाऊक असते. इंजिने जोडली जात असता फलाटावर वडे विकले जातात, आणि पुढील चढ किती कठीण आहे याची उतारूंमध्ये चर्चा होते. परंतु पुण्याहून खाली येणारी गाडी घाटात ठरलेल्या जागी थांबवून तिचे ब्रेक तपासले जातात, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चढाची कीर्ती होते. उताराची काळजी मुकाट्याने घेतली जाते. बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासात ही गोष्ट वारंवार दिसून येते. अलीकडे देशोदेशी लोकप्रिय झालेल्या डोंगरउताराच्या मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींचा विचार करताना हा इतिहास उपयोगी पडण्याजोगा आहे.

देश आणि कोकण यांना जोडणाऱ्या प्राचीन वाटांपैकी बोरघाट ही एक प्रमुख वाट होय. वर खंडाळे, खाली खोपोली, आणि मधली सह्याद्रीची भिंत. इ. स. १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरीच्या काळात या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यापूर्वी माणसाचे पाय आणि बैलांची पाठ हीच येथली वाहने होती. सरकारी व सावकारी पत्रे हरकारे वाहून नेत. एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत धावावयाचे, थैली पुढच्याच्या हाती द्यावयाची, आणि उलट दिशेची थैली घेऊन परतावयाचे, असा त्यांचा नित्यक्रम असे. पत्र पोहोचल्याची नोंद दप्तरात सापडते. ते आणणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. तथापि एवढे निश्चित की, ज्याला उद्याही तीच वाट उतरावयाची आहे, त्याला आज गुडघे मोडून घेणे परवडत नसे. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणविसांनी महादेवाचे देवालय व विस्तीर्ण तळे बांधले. घाट उतरून आलेल्या माणसास आणि जनावरास विसाव्याची गरज असते, हे त्या चतुर मुत्सद्द्याने ओळखले असावे.

उतार किती फसवा असतो, याचा धडा याच खालापूर तालुक्यात एका मोठ्या सैन्यास मिळाला. शाएस्ताखानाने पाठविलेला कारतलबखान हा सरदार फौजफाटा घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला. रायबागन ही शूर स्त्रीही त्याच्या सैन्यात होती. खाली उतरणे सोपे वाटले. परंतु वाट अरुंद, दोहो बाजूंस अरण्य, आणि एकदा उतरल्यावर त्याच वाटेने परत चढणे दुरापास्त. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी त्यास कोंडले. अखेर सर्व सामान टाकून खानास शरण यावे लागले. चढणारा मनुष्य थकला की आपोआप थांबतो. उतरणाऱ्यास मात्र आपण किती खोल आलो याचे भान फार उशिरा येते.

हीच अडचण एकोणिसाव्या शतकात आगगाडीपुढे उभी राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८५६ मध्ये घाटाचे काम हाती घेतले व १८६३ मध्ये मार्ग सुरू झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढण, आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फुटांत एक फूट, असे त्याचे प्रमाण होते. काम ऐन भरात असता चाळीस हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. पटकी व इतर रोगांनी त्यांतले किती दगावले, त्याची मोजदाद करणेही कठीण. सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार १८५९ मध्ये येथे आले आणि थोड्याच दिवसांत मरण पावले. पुढे त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते कंत्राट चालविले. परंतु मार्ग बांधून होताच खरा प्रश्न समोर आला: शेकडो टन वजनाची गाडी वर ओढून नेता येईल, पण खाली येताना ती आवरावयाची कशी? त्यासाठी उताराच्या वाटेवर ठिकठिकाणी डोंगराच्या बाजूस चढत जाणारे आडमार्ग काढण्यात आले. सांधे नेहमी त्या आडमार्गाकडेच वळविलेले असत. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाला तिला मुख्य मार्ग मोकळा करून देई. अनावर झालेली गाडी आडमार्गावर चढून आपोआप मंदावे. पुढे १९२९ च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. उतरणाऱ्या गाडीच्या वेगातूनच वीज निर्माण करून तारेत परत देण्याची सोय त्यांत होती. म्हणजे जो वेग आवरावयाचा, तोच कामी लावावयाचा, अशी ही युक्ती.

या युक्तीचे याहून मोठे उदाहरण खोपोलीसच घडून चुकले होते. जमशेटजी टाटा यांची कल्पना त्यांच्या पश्चात त्यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी यांनी तडीस नेली. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी साठवून ते नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस आणले, आणि १९१५ मध्ये तेथील विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. डोंगरावरून पाणी पूर्वीही पडतच होते. ते नळात कोंडून नियमाने सोडले, तेव्हाच त्याचे सामर्थ्य उपयोगी आले.

योगायोग असा की, महाराष्ट्रातील धावपटूंना जगाच्या रंगणात नेण्याचे श्रेयही याच दोराबजींकडे जाते. ते पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील सामन्यांत त्यांनी खेड्यांतील शेतकरी तरुणांना अनवाणी पायांनी लांब पल्ल्याच्या शर्यती धावताना पाहिले, आणि शास्त्रशुद्ध शिक्षण नसताही त्यांनी साधलेली वेळ पाहून ते चकित झाले. १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानचा संघ पाठविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीचे अंतर ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे आजच्या ठरीव ४२ किलोमीटर १९५ मीटरांहून अर्ध्या किलोमीटरने अधिक होते. परदेशची हवा, अपरिचित रस्ता, आणि तयारीस मिळालेला अल्प अवधी लक्षात घेता हा पराक्रम सामान्य नव्हे.

मॅरेथॉन शर्यतीच्या जन्मापासून चढउताराचा प्रश्न तिच्याशी निगडित आहे. १८९६ मध्ये मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंत पहिली ऑलिंपिक शर्यत झाली, तेव्हा मधल्या डोंगराळ टापूत आरंभीचे वेगवान वीर गळाले. पाणक्याचा धंदा करणारा स्पिरिडॉन लुईस हा शेवटच्या टप्प्यात त्यांना मागे टाकून विजयी झाला. पुढल्याच वर्षी, १८९७ मध्ये, अमेरिकेतील बॉस्टन शहराची प्रसिद्ध शर्यत सुरू झाली. तिचा मार्ग एकंदरीत उताराचा. आरंभी उतार लागतो, म्हणून नवखा धावपटू हुरळून सुसाट सुटतो. आणि वीस मैलांच्या सुमारास न्यूटनच्या टेकड्या आल्या की त्याच्या मांड्या जबाब देतात. तेथील शेवटच्या टेकडीला तर ‘काळीज फोडणारी टेकडी’ असेच नाव पडले आहे. वस्तुतः टेकडी फारशी उंच नाही. काळीज फोडतो तो आधीचा उतार.

याच बॉस्टनमध्ये २०११ साली केनियाचे जॉफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावले. तोवर जगात कोणीही एवढ्या कमी वेळात मॅरेथॉन पुरी केली नव्हती. तरीही तो जागतिक विक्रम मानला गेला नाही. विक्रमासाठी दर हजार मीटरांमागे एक मीटरहून अधिक उतार चालत नाही, तसेच आरंभ व अंत यांमधील सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक असू नये, असा नियम आहे. या मापाने अर्धमॅरेथॉनला फार तर एकवीस मीटर उतार चालेल. आपल्या घाटातील लोहमार्गाचा उतार या मर्यादेच्या वीसपटीहून अधिक भरतो! २०२५ मध्ये बॉस्टनच्या संयोजकांनी आणखी एक निर्णय जाहीर केला: ज्या शर्यतीचा एकंदर उतार १,५०० फूट वा अधिक असेल, तेथे मिळविलेल्या वेळेत २०२७ च्या प्रवेशासाठी काही मिनिटे वाढवून धरण्यात येतील. उतारावर मिळालेला वेग हा सर्वस्वी आपला नव्हे, त्यात पृथ्वीचा वाटा आहे, असा या नियमांचा आशय.

मग उताराची शर्यत सोपी म्हणावी काय? शास्त्र याचे उत्तर दोन्ही अंगांनी देते. मिनेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले की, शंभरास वीस या प्रमाणाच्या उतारावर धावण्यास सपाटीच्या जवळजवळ निम्मीच शक्ती खर्च होते. दम लागत नाही, तो यामुळे. परंतु अमेरिकेतील गॉटशाल व क्रॅम यांनी २००५ मध्ये मोजले की, नऊ अंशांच्या उतारावर पाऊल टेकताना बसणारा धक्का सपाटीहून ५४ टक्क्यांनी, आणि शरीर रोखून धरणारा जोर ७३ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे फुप्फुसांची बचत झाली, तिची किंमत मांड्या व गुडघे यांनी चुकती केली. उतरताना मांडीच्या पुढील स्नायूंना लांबत असतानाच ताठ राहावे लागते. या उलट्या ताणाने त्यांचे सूक्ष्म तंतू दुखावतात. वेदना त्या दिवशी विशेष जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही कठीण होते.

सुदैवाने देहास हेही शिकविता येते. थोड्या उतारावर, थोडे अंतर, बेताच्या वेगाने एकदा धावल्यास स्नायू पुढील काही आठवड्यांपर्यंत तशा ताणास अधिक चांगले तोंड देतात. यास्तव उताराच्या शर्यतीची तयारी करणाऱ्याने आठवड्यातून एकदाच, सौम्य उतारावर आरंभ करावा आणि अंतर व तीव्रता हळूहळू वाढवावी. मांड्या दुखत असता पुन्हा उतारावर जाऊ नये. शेवटचा कठीण सराव शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी संपवावा, म्हणजे तंतू भरून येण्यास अवधी मिळतो. धावताना पावले आखूड व जलद असावीत, पाऊल शरीराच्या खाली पडावे, गुडघा किंचित वाकलेला असावा. भीतीने मागे रेलून टाचेवर आपटत उतरणे हा सर्वांत घातक प्रकार होय. बुटात बोटांपुढे पुरेशी जागा नसेल तर नखे काळीनिळी पडतात. घरच्या घरी करावयाचा उत्तम व्यायाम म्हणजे आपल्या तालमीतील बैठका. मात्र खाली बसताना सावकाश बसावे, कारण उताराचा अभ्यास त्या खाली जाण्यातच आहे.

महाराष्ट्रात या प्रकारच्या धावण्याची गोडी आता चांगलीच रुजली आहे. २०१२ पासून साताऱ्यास होत असलेली डोंगरी अर्धमॅरेथॉन यवतेश्वराचा घाट चढून जाते आणि त्याच घाटाने परत येते. स्त्रिया, पुरुष, नोकरदार, शेतकरी असे नाना तऱ्हेचे लोक तीत भाग घेतात. चढताना प्रत्येक जण दमून मर्यादेत राहतो. शर्यत हातची जाते ती परतीच्या उतारावर, असा अनेकांचा अनुभव असतो.

कर्जत-खालापूरच्या तरुणांना असा घाट दाराशीच आहे. तथापि त्यांनी एक विवेक अवश्य बाळगावा. द्रुतगती मार्गावर पायी जाण्यास मनाई आहे, आणि जुन्या घाटरस्त्यावरील वाहतूक धावणाऱ्याची गय करीत नाही. नेरळहून माथेरानकडे जाणारा रस्ता तीव्र वळणांचा असून पावसाळ्यात शेवाळाने निसरडा होतो. नवशिक्याने तेथे धावत उतरण्याचे धाडस करू नये. आधी चालत उतरण्याची सवय करावी. गावाजवळची एखादी सौम्य चढण पहिल्या वर्षाच्या अभ्यासास पुरेशी आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी मिळविलेल्या एका पदकासाठी जन्माचा गुडघा गमावणे हा सौदा तोट्याचा होय, हे मुलांच्या वडीलधाऱ्यांनी व शिक्षकांनी त्यांना वेळीच सांगितले पाहिजे.

बोरघाटाच्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रज इंजिनिअरांना घाटाची वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखविली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा या भागात सांगतात. कथेचा खरेखोटेपणा काहीही असो. आजही कित्येक गाडीवान तेथे वेग कमी करतात, नाणे वाहतात आणि मग पुढे होतात. हरकाऱ्यास आपल्या पायांचा, रेल्वेस आडमार्गाचा, टाटांस नळाचा जो आधार लागला, तोच या गाडीवानांस क्षणभर थांबण्यात सापडतो. चढण्यास बळ लागते आणि ते तरुणपणी सर्वांपाशी असते. उतरण्यास लागणारा संयम मात्र प्रत्येकास अभ्यासानेच मिळवावा लागतो. आणि ज्याने तो मिळविला, तोच घाटाच्या पायथ्याशी धडधाकट पोहोचून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावावयास निघतो.