कळ श्रोत्याच्या हाती

नभोवाणीचा इतिहास यंत्रांचा जितका, तितकाच तो ऐकणाराच्या रुचीचाही आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीत घरोघर पोचावे, हा त्यांचा हेतू थोर होता. पण त्यापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोता वाद घालीत बसला नाही. त्याने मुकाट्याने कळ फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच 'विविध भारती' सुरू केली. पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ माजघरातून शेताच्या बांधावर गेला. आज आकाशवाणी मोबाइलवरही ऐकू येते. यंत्रे बदलली, कळ मात्र श्रोत्याच्याच हाती राहिली. हे जे केंद्र ओळखील, तेच टिकेल.