लघवीच्या रिपोर्टमध्ये ‘क्रिस्टल’ आले म्हणजे मुतखडा झालाच का?

जेऊर (ता. करमाळा) : रिपोर्टवर ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ दिसलं की माणूस घाबरतो. क्रिस्टल म्हणजे लघवीतल्या क्षारांचे बारीक कण. थोडे असले तर तो आजार नव्हे. नमुना तपासायला उशीर होऊन गार पडला, तरी ते तयार होतात.

उन्हाळ्यात केळीच्या बागेत दिवसभर राबणाऱ्याचं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते अन् क्षार साचतात. कॅल्शियम ऑक्झलेट जास्त करून याच कारणाने दिसतं. ट्रिपल फॉस्फेट आलं तर जंतुसंसर्ग आहे का ते बघावं लागतं. सिस्टीन मात्र कधीच नॉर्मल नसतं. तो आनुवंशिक दोष. मुतखडा आहे की नाही, हे सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये कळतं.

दिवसाला 2 ते 2.5 लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यावं. किडनी-हृदयाचे पेशंट असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. मीठ कमी करावं. दूध बंद करणारे बरेच, पण ते उलटं पडतं. जेवणातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. हुलग्याचं माडगं खुशाल प्या, त्याने ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही एवढंच.

कुशीत कळ आणि सोबत थंडीताप, किंवा लघवी अडकली, तर मेडिकलमधून दुखायची गोळी आणून दिवस काढू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.